ब्रेक लाइट आणि पाचशे रुपये

तर झालं असं, की मागच्या महिन्यात एका मुलाने माझ्या गाडीला मागून ठोकलं.

शुक्रवारची संध्याकाळ, साडेसातचा सुमार, भुरभुर पाऊस. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर नेहमीची रांग लागलेली. पुढच्या रिक्षावाल्याला अचानक प्रवासी दिसला (रिक्षावाल्यांना प्रवासी नेहमी अचानकच दिसतात), तो थांबला, मी ब्रेक मारला आणि मागून धाड्!

उतरून पाहिलं तर वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. पाठीवर डिलिव्हरीची भलीमोठी पिशवी, बाइक आडवी, कोपर सोललेलं. माझ्या बंपरला एक चीर. खरं तर आधी लागलंय का ते विचारायला हवं होतं. मी विचारलं, "अरे, झोपला होतास का?"

तो म्हणाला, "सॉरी दादा. खरंच कळलं नाही तुम्ही ब्रेक मारलाय ते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

पाच मिनिटांत रस्त्यावरचं न्यायालय भरलं. या खटल्याचा निकाल आपल्याकडे छापूनच ठेवलेला असतो: मागून ठोकतो त्याची चूक. दोन काका, एक पानवाला आणि तो रिक्षावाला (ज्याच्यामुळे सगळं झालं) यांनी एकमताने निकाल दिला. मुलाने खिशातून पाचशेची नोट काढली. म्हणाला, "एवढेच आहेत दादा." मी ती घेतली. हो, घेतली. उगाच खोटं कशाला लिहू? त्या क्षणी मला अगदी न्याय मिळाल्यासारखं वाटलं होतं.

घरी आलो. पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेताना आमचे वॉचमनकाका मागे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, ब्रेक दाबला की लाइट वाढायला पाहिजे ना? तुमचा तर कमी होतोय."

मी खाली उतरलो, त्यांना ब्रेक दाबायला सांगितला आणि मागे जाऊन पाहिलं. डावीकडचा दिवा जसाच्या तसा, काही फरक नाही. उजवीकडचा चक्क मंद झाला. म्हणजे त्या मुलाला ब्रेक मारल्याचं खरंच कळलं नव्हतं. कळण्यासारखं काही त्याच्यासमोर नव्हतंच.

*

त्या रात्री झोप नीट लागली नाही. शनिवारी गाडीला हात घालायचं ठरवलं, पण त्याआधी इंजिनियर लोकांना होतो तो आजार झाला: हा दिवा मुळात काढला कुणी, ते शोधत बसलो. दोन वीकेंड त्यात गेले.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात दिवा वगैरे काही नव्हतं. ड्रायव्हरचा हात हाच सिग्नल. आपल्याकडे उजवा हात बाहेर काढून, तळवा खाली करून, वरखाली हलवला की 'वेग कमी करतोय'. हात कोपरात वाकवून सरळ वर उभा धरला की 'थांबतोय'. १९८९ च्या रस्ता-नियमांत हे इशारे रीतसर लिहिलेले होते आणि माझ्या लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतसुद्धा यावर एक प्रश्न आला होता. (बरोबर आला. त्यानंतर आयुष्यात कधी हात बाहेर काढला नाही, टोल द्यायला सोडून. आता फास्टॅगमुळे तोही नाही.)

या पद्धतीतली अडचण बघा. ज्या क्षणी खरंच करकचून ब्रेक मारायचा असतो, त्या क्षणी हात बाहेर काढून सभ्यपणे वरखाली हलवायला कोण बसलंय? दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट असतात. म्हणजे सिग्नलची गरज जेवढी जास्त, तेवढी तो दिला जाण्याची शक्यता कमी. असं डिझाइन मी रिव्ह्यूला दिलं असतं तर आमच्या लीडने हाकलून दिलं असतं.

यावरचा एक अगदी सुरुवातीचा तोडगा ज्या व्यक्तीच्या नावावर सांगितला जातो, ती व्यक्ती इंजिनियर नव्हती. ती सिनेमातली नटी होती. फ्लॉरेन्स लॉरेन्स.

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये जन्मलेली ही बाई मूकपटांच्या काळात अमेरिकेत इतकी लोकप्रिय होती, की पुढे तिला 'पहिली फिल्मस्टार' म्हटलं गेलं. गंमत म्हणजे सुरुवातीला प्रेक्षकांना तिचं नावच माहीत नव्हतं. बायोग्राफ कंपनी नटनट्यांची नावं जाहीर करत नसे, त्यामुळे लोक तिला नुसतं 'बायोग्राफ गर्ल' म्हणायचे. ती कार्ल लेमले या निर्मात्याकडे गेल्यावर १९१० मध्ये ती अपघातात मेल्याची बातमी पसरली आणि मग 'ही बातमी खोटी आहे' अशी जाहिरात देऊन लेमलेने तिचं नाव घरोघरी पोचवलं. मार्केटिंगवाले तेव्हाही असेच होते :-)

या बाईला गाड्यांचं वेड होतं. स्वतःची गाडी होती, स्वतः चालवायची. १९१४ च्या सुमारास तिने दोन गोष्टी बनवल्या. एक, बटण दाबलं की मागच्या मडगार्डवर वर-खाली होणारा आणि वळण्याची दिशा दाखवणारा हात. आणि दुसरी आपल्या कामाची: ब्रेकचं पेडल दाबलं की गाडीच्या मागे आपोआप उभी राहणारी 'स्टॉप' अशी पाटी.

'आपोआप' हा शब्द इथे महत्त्वाचा. वळण्याचा हात चालवायला बटण दाबावं लागायचं, म्हणजे ड्रायव्हरची आठवण आणि इच्छा दोन्ही लागायची. पाटीला काहीच लागायचं नाही. पेडल दाबलं, की पाटी वर. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तिने इव्हेंटला हँडलर जोडला. आजही इंडिकेटर न देता वळणारे पैशाला पासरी आहेत, पण 'ब्रेक लाइट द्यायला विसरलो' असं कुणी म्हणत नाही. विसरायची सोयच ठेवलेली नाही.

तिने पेटंट मात्र घेतलं नाही. तिची आई शार्लट ब्रिजवूड हिने १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं, पण त्यातूनही घरात पैसा असा आला नाही. मोटार कंपन्यांनी पुढे आपापले दिवे आणि वायपर काढले. फ्लॉरेन्स १९३८ मध्ये गेली. तिच्या थडग्यावर नाव कोरायला १९९१ साल उजाडावं लागलं. ज्या बाईचं नाव पडद्यावर द्यायला कंपनी तयार नव्हती, तिचं नाव थडग्यावर यायलाही अर्ध्या शतकापेक्षा जास्त लागलं.

*

पाटीचा पुढे दिवा झाला. सुरुवातीच्या पुष्कळ दिव्यांच्या लाल काचेवरच 'स्टॉप' अशी अक्षरं असायची. हळूहळू अक्षरं गेली, लाल रंग राहिला. मग जागा आणि पैसे वाचवायला रात्रीचा टेल लॅम्प आणि ब्रेकचा दिवा एकाच काचेमागे आले आणि पुढे तर एकाच बल्बमध्ये.

शनिवारी सकाळी डिक्की उघडून मी डावीकडचा होल्डर फिरवून बाहेर काढला, तेव्हा हाच बल्ब हातात आला. दुकानात '२१-५ चा बल्ब' म्हणून मागायचा. एकाच काचेत दोन तारा, म्हणजे फिलामेंट. एक ५ वॉटची, रात्रीच्या टेल लॅम्पसाठी. दुसरी २१ वॉटची, ब्रेकसाठी. उजेडाकडे धरून पाहिलं तर ५ वॉटची तार शाबूत, २१ वॉटची मधोमध तुटलेली. म्हणजे रात्री डावा दिवा व्यवस्थित लागलेला दिसायचा आणि ब्रेक मारला की काहीच व्हायचं नाही. किती महिने असं चाललं असेल देव जाणे.

या बल्बची एक गोष्ट मला फार आवडली. त्याच्या बुडाशी दोन छोट्या पिना असतात, पण त्या एका उंचीवर नसतात, एक थोडी वर, एक थोडी खाली. त्यामुळे बल्ब होल्डरमध्ये एकाच प्रकारे बसतो. उलटा बसला असता तर टेल लॅम्पच्या जागी २१ वॉटचा दिवा कायम पेटला असता आणि ब्रेक मारल्यावर ५ वॉटचा. कुण्या अज्ञात इंजिनियरने लोकांच्या घाईचा विचार करून चूक करणंच अशक्य करून ठेवलं. असा कोड लिहायला जमला पाहिजे राव.

पण एकाच जागी, एकाच रंगाचे दोन दिवे ठेवण्यात एक गोची आहे. रात्री मागच्या माणसाला दिसणारा फरक फक्त कमी-जास्त उजेडाचा. समोर लाल दिवा आहे, तो टेल लॅम्प आहे की ब्रेक? फरक बघायला त्याला आधीचा उजेड आठवावा लागतो. पाऊस, ओली काच, हेल्मेटची ओरखडे पडलेली व्हायझर असली की संपलंच.

*

यावर १९७० च्या दशकात एका मानसशास्त्रज्ञाने डोकं लढवलं. त्याचं नाव जॉन व्होएवोडस्की.

काचेजवळ, नजरेच्या उंचीवर जादा दिवे लावायची कल्पना अगदीच नवी नव्हती. फोर्डच्या थंडरबर्डमध्ये १९६८ पासून आणि ओल्ड्समोबिलच्या टोरोनॅडोमध्ये १९७१ पासून असे उंचावरचे दिवे मिळत होते. पण ते महागड्या गाड्यांचे दागिने होते. त्यांनी खरंच काही फरक पडतो का, हे व्होएवोडस्कीने तपासलं आणि तेही आपल्यासारख्यांना आवडेल अशा पद्धतीने. सरळ ए-बी टेस्ट.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सी घेतल्या. ३४३ टॅक्सींच्या मागच्या काचेच्या तळाशी एक जादा दिवा बसवला. १६० टॅक्सी तशाच ठेवल्या, तुलनेसाठी. ड्रायव्हरना टॅक्सी कुठलीही, नेमून न दिलेली. म्हणजे 'चांगले ड्रायव्हर चांगल्या टॅक्सीत गेले' असं म्हणायला जागा नाही. दहा महिन्यांनी आकडे काढले. दिवा असलेल्या टॅक्सींना मागून बसलेल्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी. ड्रायव्हरना झालेल्या दुखापती सुमारे ६१ टक्क्यांनी कमी. दुरुस्तीचा खर्च ६१.८ टक्क्यांनी कमी. १९७४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

साठ टक्के! एका दिव्याने! तुमच्या कंपनीत कुणी एका बटणाने साठ टक्के सुधारणा दाखवली तर त्याला त्याच दिवशी प्रमोशन मिळेल.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने मग मोठ्या प्रमाणावर चाचण्या केल्या. तिथेही निकाल चांगले आले, संबंधित धडका साधारण निम्म्याने कमी. शेवटी नियम झाला: १ सप्टेंबर १९८५ पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मधोमध उंचावर तिसरा ब्रेक लाइट हवाच. तेव्हाच्या वाहतूक मंत्री एलिझाबेथ डोल. त्यांचं लाडकं नाव लिडी, म्हणून लोक त्या दिव्याला 'लिडी लाइट' म्हणू लागले. लहान ट्रक आणि व्हॅनना हा नियम १९९४ च्या मॉडेलपासून लागला.

या दिव्याचं खरं सामर्थ्य त्याच्या जागेत आहे. तो टेल लॅम्पशी जागा वाटून घेत नाही. रात्री, एरवी, तो बंदच असतो. पेटला म्हणजे ब्रेक, दुसरा अर्थ नाही. आधीचा उजेड आठवायची गरज नाही. शिवाय तो काचेतून आरपार दिसतो, त्यामुळे पुढच्या गाडीच्याही पुढच्याने ब्रेक मारला तरी तुम्हाला कळतं. आणि खालचे दोन्ही दिवे गेले तरी तो एकटा किल्ला लढवतो.

माझ्या गाडीत तो नाही. चौदा वर्षांची सेकंड हँड हॅचबॅक, तीही बेस मॉडेल. घेताना दलाल म्हणाला होता, "टॉप मॉडेलमध्ये काय जास्त असतं साहेब? वायपर, म्युझिक आणि मागे एक लाल पट्टी." त्या लाल पट्टीचे पैसे मी वाचवले.

*

आता गोष्टीचा मला सगळ्यात आवडलेला भाग. सरकारने नियम करून गप्प न बसता पुढची कित्येक वर्षं आकडे मोजले. १९९८ मध्ये त्यांचा मोठा अहवाल आला. १९८७ मध्ये, दिवा नवा असताना, मागून बसणाऱ्या धडका ८.५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. १९८९ ते १९९५ या काळात फायदा ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावला.

साठ टक्के कुठे आणि चार टक्के कुठे!

मग व्होएवोडस्कीने आकडे फुगवले होते का? मला तसं वाटत नाही. एक तर त्याचा दिवा वेगळा होता. तो पिवळसर होता आणि जेवढा जोरात ब्रेक तेवढा भरभर लुकलुकायचा. नियमात आला तो साधा, स्थिर, लाल दिवा. दुसरं म्हणजे टॅक्सीच्या वेळी शहरात असा दिवा जवळजवळ कुणाकडेच नव्हता, त्यामुळे दिसला की माणूस दचकायचा. सगळ्यांच्याच गाडीला आल्यावर दचकणं संपलं. नव्या फोनची नोटिफिकेशन पहिल्या आठवड्यात आपण धावत जाऊन बघतो, महिन्याभराने बघतो का? तसंच.

पण उरलेल्या चार टक्क्यांना हसू नका. त्याच अहवालाच्या हिशोबाप्रमाणे सगळ्या गाड्यांना हा दिवा आला, की वर्षाला १ लाख ९४ हजार ते २ लाख ३९ हजार अपघात टळणार आणि ५८ ते ७० हजार लोकांच्या दुखापती टळणार. एका बल्बच्या किमतीत. दचकणं गेल्यानंतरही जे शिल्लक राहिलं, ती त्या दिव्याची खरी कमाई. पहिल्या डेमोच्या आकड्यांवर पार्टी करणाऱ्या आमच्या क्षेत्राने हे भिंतीवर चिकटवायला हरकत नाही.

*

परत माझ्या डिक्कीत येऊ. डाव्या बाजूचा निकाल लागला होता, नवा बल्ब टाकला आणि दिवा लागला. उजवी बाजू मात्र भुताटकी होती. ब्रेक दाबला की दिवा मंद. शिवाय नीट बघितल्यावर कळलं, की ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटरही किंचित लाल-पिवळा होतोय. मागचाही आणि पुढचाही! ब्रेकचा आणि पुढच्या इंडिकेटरचा काय संबंध?

बल्ब बदलला. तेच. फ्यूज पाहिला, ठीक. पेडलपाशी ब्रेकचा स्विच असतो, पण तो खराब असता तर डावाही लागला नसता. मग मल्टीमीटर काढला. माझी डिग्री ई अँड टीसीची आहे, हे सांगायची संधी वर्षातून एकदाच मिळते. संशय अर्थिंगवर होता, म्हणून दिव्याच्या काळ्या वायरपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी तपासली. मीटर बीप वाजला. म्हणजे अर्थिंग ठीक. तासभर भलतीकडेच वायरी हुंगत बसलो.

शेवटी हार मानून कोपऱ्यावरच्या वायरमनकाकांना बोलावलं. साठीचे गृहस्थ. मी त्यांना मल्टीमीटर दाखवला, त्यांनी तो बाजूला ठेवला. पिशवीतून दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक वायर काढली, एक चिमटा दिव्याच्या काळ्या वायरला, दुसरा डिक्कीच्या बोल्टला घासून लावला आणि म्हणाले, "दाबा ब्रेक." झपकन लाल उजेड पडला.

"मायनस गेलाय साहेब."

मी म्हटलं, "काका, पण मीटर तर बीप वाजतोय."

"मीटरला काय, त्याला कुठूनही रस्ता मिळाला की वाजतो."

अगदी हेच झालं होतं. उजव्या दिव्याच्या सगळ्या बल्बांची मिळून एक अर्थिंगची वायर बॉडीला स्क्रूने आवळलेली असते. दिव्याच्या रबरातून पावसाचं पाणी आत येऊन तो स्क्रू गंजून गेला होता. ब्रेकच्या २१ वॉटच्या तारेतून आलेला करंट परतीचा रस्ता शोधत होता. सरळ रस्ता बंद. मग तो मागच्या इंडिकेटरच्या तारेतून उलटा शिरला, वायरिंगमधून पुढच्या इंडिकेटरपर्यंत गेला आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगमधून बॅटरीकडे परतला. म्हणजे २१ वॉटचे तीन बल्ब एका माळेत. बारा व्होल्ट तिघांत वाटले, प्रत्येकाला चार. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार झपाट्याने कोसळतो. एक तृतीयांश व्होल्टला ढोबळमानाने दोन-तीन टक्के उजेड उरतो. शिवाय ब्रेकच्या त्या करंटमुळे ५ वॉटच्या टेल लॅम्पचाही मायनस वर उचलला गेला आणि तोही मंद झाला. म्हणून ब्रेक मारल्यावर दिवा कमी!

आणि मीटर वाजला, कारण थंड बल्बच्या तारेला रोध जवळजवळ नसतोच. मीटरने इंडिकेटरच्या दोन थंड बल्बांतून रस्ता शोधला आणि खुशाल बीप दिला. बल्ब काढून मोजलं असतं तर फसलो नसतो. किंवा ब्रेकच्या पेडलवर छत्री अडकवून, दिवा चालू ठेवून काळ्या वायरवर व्होल्टेज मोजलं असतं तरी कळलं असतं. नंतर मुद्दाम काकांचा चिमटा काढून मोजलं: आठच्या आसपास. शून्य असायला हवं होतं. लोड नसताना टेस्ट पास होणं याला काही अर्थ नाही, हे मी ऑफिसात ज्युनियर पोरांना दर महिन्याला सांगतो.

काकांनी स्क्रू काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरचं टोक बदललं, आवळलं, वर थोडं ग्रीस चोपडलं. दीडशे रुपये घेतले.

*

एवढ्याशा गंजाने असं व्हावं? हो, आणि मोठ्यामोठ्यांचं होतं. मे २०१४ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत मॅलिबू, पॉन्टियॅक जी-६ आणि सॅटर्न ऑरा या मॉडेलच्या सुमारे २४ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण ब्रेक लाइट. ब्रेक मारला तरी लागायचा नाही, किंवा न मारताच लागायचा. मूळ कुठे, तर एका कंट्रोल मॉड्यूलच्या कनेक्टरमध्ये. गाडी हादरताना कनेक्टरच्या पिना सूक्ष्म अंतराने एकमेकींवर घासत राहतात, तिथे गंजाचा बारीक थर जमतो, रोध वाढतो आणि मॉड्यूलला पेडलचा निरोप चुकीचा कळतो. २००९ मध्ये याच कारणाने आठ हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या. आठ हजारांचा आकडा २४ लाखांवर जायला पाच वर्षं लागली.

२०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनीही तिकडे पेडलजवळच्या स्विचसाठी साडेसोळा लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या होत्या. आजकाल त्या एका स्विचवर बरंच काही अवलंबून असतं: क्रूझ कंट्रोल सुटणं, बटणाने गाडी चालू होणं. दिवा हा त्यातला एक ग्राहक फक्त.

सगळ्यात गमतीची, म्हणजे खरं तर गमतीची नसलेली, गोष्ट अशी. हेडलाइट गेला तर तुम्हाला लगेच कळतं. इंडिकेटरचा बल्ब गेला तर बहुतेक गाड्यांत टिकटिक भरभर होते. हॉर्न गेला तर पुण्यात तुम्ही पाच मिनिटांत कासावीस व्हाल. ब्रेक लाइट गेला तर काहीही होत नाही. ब्रेक नेहमीसारखाच लागतो, गाडी नेहमीसारखीच थांबते. आपला ब्रेक लाइट आपल्याला कधीच दिसत नाही. तो संपूर्णपणे दुसऱ्यासाठी असलेला दिवा आहे. आपण निरोप पाठवत राहतो, पोचल्याची पावती येत नाही. नेटवर्कवाल्यांना कळलंच असेल: यूडीपी.

आणि पावती आलीच, तर ती बंपरवर येते. माझी आली होती. तो मुलगा शुद्ध मराठीत सांगत होता, "कळलंच नाही तुम्ही ब्रेक मारलाय ते." इतका स्पष्ट बग रिपोर्ट मला ऑफिसात कुणी दिलेला नाही. मी तो 'युजरची चूक' म्हणून बंद केला, वर पाचशे रुपये घेतले.

तो माझ्या फार जवळ होता का? असेल. पावसात जरा अंतर ठेवायला हवं होतं का? हवं होतं. पण ताशी ३० किलोमीटरने चाललेली बाइक एका सेकंदात आठ मीटरपेक्षा जास्त जाते, आणि तो एक सेकंद त्याला देणं माझं काम होतं. न्यायालयातल्या कुणीही, मीही, माझ्या गाडीचा मागचा दिवा बघितला नाही. माझी गाडी, माझी चारचाकी, माझा ऑफिसचा आयडी गळ्यात. त्याचं सोललेलं कोपर आणि उशीर झालेली ऑर्डर. निकाल त्यावर लागला.

त्याचं नाव विचारलं नव्हतं, नंबरही नाही. गेल्या तीन शुक्रवारी साडेसातला त्याच सर्व्हिस रोडवरून मुद्दाम हळू आलो. तशा पिशव्या रस्त्यावर शेकड्याने दिसतात, हेल्मेटमधले चेहरे सगळे सारखे. ती नोट अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. खर्च करवत नाही, कुणा तिसऱ्याला दान करून मोकळं व्हावंसंही वाटत नाही.

असो. एक काम करा. आज रात्री गाडी लावताना मागे भिंत किंवा दुकानाची काच असेल अशी लावा, आरशात बघा आणि ब्रेक दाबा. आधी दिवे बंद ठेवून, मग हेडलाइट चालू करून, कारण माझ्यासारखी भुताटकी दुसऱ्याच वेळी ओळखू येते. लाल उजेड दोन्ही वेळा, दोन्ही बाजूंना झपकन वाढला पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि मागून कुणी ठोकलंच, तर भांडायच्या आधी एकदा मागे जाऊन बघा.

ता.क. वॉचमनकाकांना चहा पाजला. ते म्हणाले, "साहेब, मी तर दोन महिन्यांपासून बघतोय. तुम्ही घाईत असता, म्हणून बोललो नाही."